वाचकांचे प्रश्न : चेंडू हातात नसतो तेव्हा

गेल्या महिन्यात या सदरात ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलच्या, म्हणजे तिकडे लहानथोर ज्याला 'फूटी' म्हणतात त्या खेळाच्या, अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे. मोठ्या क्लबांचे निवडकर्ते, ज्यांना तिथे रिक्रूटर म्हणतात, ते सीमारेषेबाहेर बसून मुलांमध्ये नेमके काय पाहतात, असे वाचकांना विचारायचे आहे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : या स्पर्धेत राज्यांचे संघ खेळतात असे आपण लिहिले होते. मग 'ॲलाईज' हे कोणते राज्य? (सिडनीहून एक वाचक)

उत्तर : ॲलाईज नावाचे राज्य नाही. वरच्या गटात पाच संघ असतात. व्हिक्टोरियात हा खेळ इतका मुरलेला आहे की त्या एका राज्याचे दोन संघ होतात : मेलबर्न शहराचा 'व्हिक मेट्रो' आणि उरलेल्या भागाचा 'व्हिक कंट्री'. साउथ ऑस्ट्रेलिया आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया यांचा प्रत्येकी एक संघ असतो. न्यू साउथ वेल्स, राजधानी कॅनबेराचा प्रदेश, क्वीन्सलँड, टास्मानिया आणि नॉर्दर्न टेरिटरी यांची निवडक मुले एकत्र येतात, तो पाचवा संघ म्हणजे ॲलाईज. आपण राहता त्या सिडनीत शाळकरी मुलगा पहिल्यांदा हातात घेतो तो चेंडू बहुधा रग्बीचा असतो. इयान टर्नर या इतिहासकाराने १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर एक काल्पनिक रेघ ओढून तिला रॉन बारासी या नामवंत खेळाडूचे नाव दिले. या 'बारासी रेषे'च्या एका बाजूला फूटीचा मुलूख आणि दुसऱ्या बाजूला रग्बीचा. टास्मानिया खरे तर फूटीच्याच बाजूचा, पण बेटाची लोकसंख्या थोडी. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, त्याचा स्वतःचा संघ २०२८ मध्ये उतरायचा आहे.

हा जोडसंघ दुबळा असतो असे मात्र समजू नये. २०२३ मध्ये ॲलाईजने एकही सामना न गमावता प्रथमच विजेतेपद मिळवले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारे लार्क पदक त्या वर्षी टास्मानियाच्या रायली सँडर्सने पटकावले, आणि त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतले.

ड्राफ्ट म्हणजे काय, हेही इथेच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या उत्तरांचा पाया तोच आहे. १९८६ पासून नवे खेळाडू क्लबांमध्ये वाटून दिले जातात. अठरा क्लब आपापल्या पाळीने एकेक नाव घेतात, आणि मूळ नियमानुसार आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबाची पाळी सर्वांत आधी येते. मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. राष्ट्रीय ड्राफ्टमध्ये साधारण साठ-सत्तर नावे पुकारली जातात आणि बाकीची मुले घरी जातात. एका चुकीच्या निवडीची किंमत क्लबाला पुढची कित्येक वर्षे मोजावी लागते, म्हणून निवडकर्ते हिवाळाभर मैदाने धुंडाळत असतात.

प्रश्न : मी पाहिलेल्या एका सामन्यात मेट्रोच्या एका मुलाने सर्वांत जास्त वेळा चेंडू हाताळला. माझ्या मागे बसलेल्या दोन निवडकर्त्यांनी त्याच्याविषयी चकार शब्द काढला नाही. त्याच्या निम्म्या वेळाही चेंडू न मिळालेल्या दुसऱ्याच एका मुलाविषयी ते बोलत होते. हे काय गौडबंगाल आहे? (मेलबर्नहून एक वाचक)

उत्तर : गौडबंगाल काही नाही, पण आकड्यांची सवय लागलेल्या डोळ्यांना हे चटकन पटत नाही. सामन्यानंतर छापला जाणारा 'डिस्पोजल'चा आकडा म्हणजे पायाने मारलेल्या किक आणि मुठीने दिलेले हँडबॉल यांची बेरीज. चेंडू कसा मिळवला हे त्या बेरजेतून कळत नाही, आणि त्याचे पुढे काय झाले हेही कळत नाही. घोळक्यात घुसून, अंगावर दोघे असताना, चिखलातला चेंडू एका झडपेत उचलणारा मुलगा आणि घोळक्याच्या मागे मोकळा उभा राहून तोच चेंडू आयता हातात घेणारा मुलगा, दोघांच्याही नावावर एकेकच अंक चढतो. आपण पाहिलेल्या मुलाने तीस वेळा चेंडू हाताळला असेल आणि त्यातल्या वीस वेळा तो बाजूला, सुरक्षित जागी सरकवला असेल, तर निवडकर्त्याच्या लेखी तो मुलगा गर्दीत होता इतकेच सिद्ध होते.

काही वर्षांपूर्वी जुलैतल्या एका भिजऱ्या दुपारी अशाच एका सामन्याला एका क्लबासाठी बराच काळ मुले पाहत आलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर एक लहान वही होती. वहीत नावे नव्हती, फक्त जर्सीचे क्रमांक होते, आणि क्रमांकांपुढे बाण, फुल्या, कुठे एखादा शब्द. तिसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी तिसऱ्यात, विंगवर (मैदानाच्या कडेच्या पट्ट्यात) एका मुलाच्या हातून ओला चेंडू सुटला आणि विरोधी संघ तो घेऊन पळाला. सगळ्यांच्या माना चेंडूमागे वळल्या, पण या गृहस्थांची दुर्बीण त्या मुलावरून हलली नाही. मुलगा गुडघ्यांवरून उठला, मागे वळून साठ-सत्तर मीटर जीव तोडून धावला आणि तरी चेंडूपर्यंत पोहोचला नाही. तो अंगावर येतो आहे हे पाहून समोरच्याने घाईने किक मारली, चेंडू मधल्या दोन खांबांऐवजी बाहेरच्या खांबाकडून गेला, आणि गोलाच्या सहा गुणांऐवजी 'बिहाइंड'चा एकच गुण पडला. छापील आकडेवारीत त्या मुलाच्या नावावर फक्त एक चूक जमा झाली. वहीत त्याच्या क्रमांकापुढे एक लांबलचक बाण उमटला, मागच्या दिशेने.

दुसरे असे की या स्पर्धेत मुलगा आपल्या नेहमीच्या जागेवर खेळत असेलच याची खात्री नसते. राज्याच्या संघात येणारा जवळपास प्रत्येक जण आपल्या क्लबात मैदानाच्या मध्यभागी खेळणारा हुकमी एक्का असतो, पण मध्यभागी सगळ्यांना जागा नसते, तेव्हा कोणाला मागच्या फळीत जावे लागते तर कोणाला पुढच्या कोपऱ्यात. तिथे चेंडू कमी येतो. निवडकर्त्याला हीच संधी वाटते, कारण एएफएलमध्ये गेल्यावर पहिली दोन वर्षे तो मुलगा बहुधा अशाच अनोळखी जागी खेळणार असतो. परक्या जागी गोंधळून न जाता सहकाऱ्याच्या माणसावरही डोळा ठेवणारा, हाक मारून फळी नीट लावणारा मुलगा आठ वेळा चेंडू हाताळूनही बरेच काही सांगून जातो. पुढच्या फळीतल्या उंच मुलाचे तर याहून अवघड असते. तो बचावपटूला हुलकावणी देऊन मोकळ्या जागेत सहा वेळा धावतो, आणि सहाही वेळा चेंडू देणारा दुसरीकडेच पाहत असतो. आकडा शून्य, पण त्या सहा धावा कोणत्या क्षणी आणि कोणत्या कोनातून सुरू झाल्या हे वहीत नोंदलेले असते.

तिसरी गोष्ट म्हणजे डावखुऱ्याचा उजवा आणि उजव्याचा डावा पाय. दडपण आले की मुलगा आपल्या हक्काच्या पायावर येण्यासाठी अर्धवर्तुळ घेतो का, हे फार बारकाईने पाहिले जाते. कनिष्ठ गटात त्या अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही, पण मोठ्यांच्या सामन्यात तेवढ्यात टॅकल बसतो.

आणि शेवटी शरीर. सतराव्या वर्षी दाढीमिशा फुटलेला, खांद्याने इतरांना सहज बाजूला सारणारा मुलगा कनिष्ठ स्पर्धेत राक्षसासारखा भासतो. निवडकर्ता मनातल्या मनात त्याची ताकद वजा करतो आणि चार वर्षांनी सगळे त्याच्याएवढे झाले की याच्याजवळ काय उरेल, असे स्वतःला विचारतो. लुकड्या पण चेंडू नेमका कुठे पडणार हे आधीच ओळखणाऱ्या मुलाच्या बाबतीत तो हाच हिशेब उलटा मांडतो. आपल्या मागच्या दोघांचे बोलणे ज्या मुलाविषयी चालले होते, तो बहुधा या दुसऱ्या जातीचा असावा.

प्रश्न : ऑक्टोबरात होणाऱ्या 'ड्राफ्ट कम्बाइन'मध्ये धावण्या-उड्यांच्या चाचण्या घेतात. निवड शेवटी त्यावरच ठरते का? (पर्थहून एक वाचक)

उत्तर : नाही, आणि माझ्या मते या चाचण्यांचा गाजावाजा त्यांच्या वकुबापेक्षा जास्त होतो. वीस मीटरची धाव, जागच्या जागी आणि धावत येऊन मारायची उंच उडी, खांबांमधून वळणे घेत पळण्याची चपळाईची चाचणी आणि दोन किलोमीटरची दौड, असा तो साधारण कार्यक्रम असतो. वीस मीटरमध्ये तीन सेकंदांच्या आत येणारा मुलगा वेगवान समजला जातो, आणि दोन किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास काढणाऱ्याचा दम चांगला मानतात. पण ही धाव सरळ रेषेत, कोरड्या जमिनीवर आणि चेंडूशिवाय असते. मुलगा चेंडू उचलून पहिल्या तीन पावलांत घोळक्यातून सुटतो की नाही हे ज्याने सामन्यात पाहिले आहे, त्याला घड्याळ नवे काही सांगत नाही. घड्याळाचा उपयोग शंका असेल तिथे होतो : मैदानावर मंद वाटणारा मुलगा खरोखर मंद आहे, की चुकीच्या जागी उभा राहिल्यामुळे तसा वाटतो?

वैद्यकीय तपासणी आणि मुलाखती यांना मी याहून अधिक वजन देईन. क्लबाची माणसे मुलाशी बोलतात, अनेकदा घरी जाऊन आईवडिलांना भेटतात, शाळेतल्या शिक्षकांकडे आणि जुन्या प्रशिक्षकांकडे चौकशी करतात. ॲडलेडचा अठरा वर्षांचा मुलगा घरापासून हजारो किलोमीटर दूर ब्रिस्बेनला किंवा पर्थला राहू शकेल का, हा प्रश्न त्याच्या उडीच्या उंचीइतकाच व्यवहाराचा आहे.

प्रश्न : इतके पारखी डोळे असूनही मोठमोठे खेळाडू मागे कसे राहून जातात? (ॲडलेडहून एक वाचक)

उत्तर : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असे आपण म्हणतो, पण या खेळात ते विशीनंतर दिसल्याचीच उदाहरणे पुष्कळ आहेत. आपल्याच राज्यातून गेलेला लाची नील २०११ मध्ये ५८ व्या क्रमांकावर फ्रीमँटलकडे गेला आणि पुढे ब्रिस्बेनकडून खेळताना २०२० आणि २०२३ अशी दोन ब्राउनलो पदके, म्हणजे हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा सर्वोच्च मान, त्याने मिळवली. योगायोग असा की त्याआधी बरोबर दहा वर्षे, २००१ मध्ये, कॉलिंगवूडने डेन स्वॉनलाही ५८ व्याच क्रमांकावर घेतले होते, आणि २०११ चे ब्राउनलो पदक त्याच्या गळ्यात पडले. जेम्स हर्ड तर १९९० मध्ये ७९ वा होता. त्याने १९९६ चे पदक मायकेल व्हॉसबरोबर विभागून मिळवले.

स्वॉनच्याच ड्राफ्टमध्ये नजर कशी असावी याचाही धडा आहे. ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड हे तिघे पहिल्या तीन क्रमांकांवर गेले, ते सर्वांना ठाऊक असलेले हिरे होते. जीलाँग क्लबासाठी निवड करणाऱ्या स्टीफन वेल्स यांनी त्या एका दिवसात जिमी बार्टेल आठव्या, जेम्स केली सतराव्या आणि स्टीव्ह जॉन्सन चोविसाव्या क्रमांकावर घेतले, आणि गॅरी ॲब्लेट धाकटा, वडील याच क्लबाकडून खेळले असल्यामुळे, क्लबाकडे आला तो चाळिसाव्या क्रमांकाच्या मोबदल्यात. २००७, २००९ आणि २०११ अशी तीन विजेतेपदे ज्या संघाने मिळवली, त्याचा कणा हा होता. पहिल्या तीनमधले नाव कोणीही सांगेल. निवडकर्त्याचा खरा कस विसाव्या क्रमांकानंतर लागतो.

प्रश्न : आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. जन्म डिसेंबरातला, चण लहान. राज्याच्या सराव गटातून त्याला या वर्षी वगळले. प्रशिक्षक म्हणाले, "खेळ चांगला आहे, पण अंगात भरत नाही." आता पुढे काय करावे? (मेलबर्नहून एक पालक)

उत्तर : आपल्या पत्रात जन्ममहिना आवर्जून लिहिला आहे, म्हणजे दुखणे कुठे आहे ते आपण ओळखले आहेच. वयोगट १ जानेवारी ते ३१ डिसेंबर असा मोजला जातो, त्यामुळे आपला मुलगा ज्यांच्याशी झुंजतो त्यांच्यापैकी काही जण त्याच्यापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठे असतात. सोळाव्या वर्षी हे अंतर पाच-सात सेंटिमीटर उंचीचे आणि दहा-बारा किलो वजनाचे सहज असू शकते. कनिष्ठ गटांच्या निवडीत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांचे पारडे जड असते, हे अनेक खेळांमध्ये दिसून आले आहे आणि फूटी त्याला अपवाद नाही. जाणते निवडकर्ते आता नावापुढे जन्मतारीख लिहूनच खेळ पाहतात. सराव गट निवडणारे प्रशिक्षक मात्र पुष्कळदा येत्या शनिवारचा सामना जिंकायच्या विवंचनेत असतात, आणि खोट असेल तर ती तिथे आहे असे मला वाटते.

चण लहान असणे ही अडचण आहे, हे मी नाकारणार नाही. साउथ ऑस्ट्रेलियाच्या केलेब डॅनियलने २०१४ च्या राष्ट्रीय स्पर्धेत लार्क पदक मिळवले, म्हणजे त्या वर्षी त्याच्याहून सरस कोणी खेळले नव्हते, तरीही १६८ सेंटिमीटर उंचीमुळे ड्राफ्टमध्ये त्याचे नाव ४६ व्या क्रमांकापर्यंत आले नाही. वेस्टर्न बुलडॉग्जने त्याला घेतले, आणि दोनच वर्षांनी तो २०१६ च्या विजेत्या संघात होता. त्याला तारले ते त्याच्या किकच्या नेमकेपणाने. म्हणून आपल्या मुलाने या वर्षी वजन वाढवण्याच्या मागे लागण्यापेक्षा दुसऱ्या पायावर मेहनत घ्यावी. वजन वयाबरोबर येईल, पण दुसरा पाय कोणाला वयाबरोबर मिळत नाही.

दारे अठराव्या वर्षी कायमची बंद होत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. एकोणीस वर्षांच्या मुलांचाही विचार होतो, आणि राज्यपातळीच्या वरिष्ठ स्पर्धांमधून क्लब आता बरीच मुले उचलतात. जीलाँगचा टॉम स्टुअर्ट २०१६ मध्ये ४० व्या क्रमांकावर घेतला गेला तेव्हा तेवीस वर्षांचा होता. २०१९ मध्ये हंगामाच्या मध्यावरचा ड्राफ्ट पुन्हा सुरू झाला, त्यात रिचमंडने मार्लियन पिकेटला घेतले, आणि सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाने एएफएलमधला आपला पहिला सामना खेळला तो थेट त्या वर्षीचा अंतिम सामना. तो सामना रिचमंडने जिंकला.

एक विनंती करतो, राग मानू नये. मुलाच्या निवडक क्षणांच्या चित्रफिती जोडून क्लबांना पाठवू नयेत. त्यातून निवडकर्त्याला पाहायचे असते ते नेमके गाळलेले असते.

प्रश्न : बापाच्या पुण्याईवर मुलाला क्लब मिळतो असे ऐकले. मग त्याच्याकडे बाकीच्या निवडकर्त्यांनी पाहायचे तरी कशाला? (ब्रिस्बेनहून एक वाचिका)

उत्तर : बाप ज्या क्लबाकडून किमान १०० सामने खेळला असेल, त्या क्लबाला मुलावर पहिला हक्क मिळतो, हे खरे आहे. आपल्या भागातल्या ब्रिस्बेन आणि गोल्ड कोस्ट या क्लबांनाही आपापल्या अकादमीत वाढलेल्या मुलांवर असाच हक्क असतो. पण २०१५ पासून त्याची किंमत बाजारभावाने द्यावी लागते. दुसरा कोणताही क्लब त्या मुलावर आपल्या पाळीने बोली लावू शकतो, आणि हक्कदार क्लबाला त्या क्रमांकाच्या मोलाचे गुण आपल्या इतर पाळ्यांमधून भरून ती बोली गाठावी लागते. २०२१ मध्ये कॉलिंगवूडकडून खेळलेल्या पीटर डायकॉसचा मुलगा निक याच्यावर गोल्ड कोस्टने चौथ्या क्रमांकावर बोली लावली आणि कॉलिंगवूडला तो भाव मोजावाच लागला. म्हणजे जो मुलगा आपल्याला मिळणार नाही हे पक्के ठाऊक आहे, त्याचीही किंमत प्रत्येक निवडकर्त्याला अचूक काढावी लागते. ती कमी काढली तर प्रतिस्पर्ध्याला तो स्वस्तात जातो, आणि फाजील काढली तर नको असलेला मुलगा गळ्यात पडतो.

प्रश्न : २०२० साली साथीमुळे राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षी निवड कशी केली? (मेलबर्नहून एक वाचक)

उत्तर : चाचपडत. आपल्या व्हिक्टोरियात तर मुलांचा सगळा हंगामच रद्द झाला, आणि निवडकर्ते घरात बसून आदल्या वर्षीच्या चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहत राहिले, जे त्यांच्या दृष्टीने उंटावरून शेळ्या हाकण्यासारखेच होते, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो आणि त्यांना पाहायचा असतो तो चेंडूपासून दूर असलेला मुलगा. सोळा-सतराव्या वर्षी एक हंगाम म्हणजे केवढा मोठा काळ! वेस्टर्न ऑस्ट्रेलियात मात्र खेळ चालू राहिला. तिथला लोगन मॅकडोनल्ड मोठ्या माणसांच्या राज्य लीगमध्ये खेळताना सर्वांना दिसला आणि चौथ्या क्रमांकावर सिडनीकडे गेला. तरीही पहिले नाव व्हिक्टोरियाच्याच जमारा युगल-हेगनचे पुकारले गेले. आदल्या वर्षी पाहिलेले विसरायला कोणी तयार नव्हते.

प्रश्न : पुढच्या वेळी सामना पाहायला गेलो तर कुठे बसावे? (कॅनबेराहून एक वाचक)

उत्तर : मध्यावरच्या छपराखालच्या जागा सोडून द्याव्यात. एका गोलाच्या मागे, जमेल तितक्या उंचावर बसावे. तिथून चेंडू लांब राहतो, पण पुढच्या फळीतले धावणे आणि बचावफळीची सरकासरक पत्त्यांच्या डावासारखी समोर उघडी होते. क्वार्टर संपला की बाजू बदलते, पण आपण बदलू नये. एकाच मुलाचा क्रमांक ठरवून घ्यावा आणि एक पूर्ण क्वार्टर, चेंडू कुठेही असो, फक्त त्याच्याकडे पाहावे. पहिली पाच मिनिटे फार कंटाळा येतो. जवळ दुर्बीण असावी, आणि हिवाळी सामना असेल तर पावसात न विरघळणारी पेन्सिल.